दिवसाची लाईन

मे महिना, दुपारचे दोन वाजलेत. पारसचं रेल्वे फाटक पडलंय आणि तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून उन्हात उभे आहात. पारा 45 च्या पुढे गेलेला. समोरून कोळशाची मालगाडी चाललीय. तुम्ही डबे मोजायला लागता आणि तिसाच्या पुढे कुठेतरी मोजणं सुटतं. पूर्ण गाडी अठ्ठावन-एकोणसाठ डब्यांची, एका खेपेला चार हजार टनांच्या आसपास माल. वणी-चंद्रपूरकडच्या खाणींतून असे कोळशाचे डबे येतात आणि पलीकडे दिसणाऱ्या त्या उंच चिमणीच्या पायथ्याशी रिकामे होतात. शेवटचा डबा हिसका देऊन पुढे जातो आणि एक ढेप खडीवर पडते.

तुम्ही ती उचलता आणि लगेच सोडता, कारण हात पोळतो. अजून ती पेटलेलीही नाही, नुसत्या उन्हानं तापलीय. दुपट्ट्याच्या टोकात धरून पुन्हा उचला. दोन संत्र्यांएवढा आकार, वजन सातशे ग्रॅम धरू. समोरच्या वीजकेंद्रात एवढ्या कोळशातून साधारण एक युनिट वीज निघते. एका युनिटवर विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर पाव तास चालते. तेवढंच पाणी मोटेनं काढायचं तर बैलजोडीला तास-दीड तास खपावं लागेल. ही ढेप सोबत ठेवा. आपल्याला बरंच मागं जायचं आहे आणि वाट हीच दाखवणार आहे.

डोळे मिटा. फाटकाची घंटा थांबते.

पहिली जाणीव थंडीची होते. वऱ्हाडच्या माणसाला न पटणारी थंडी. तुम्ही 27-28 कोटी वर्षं मागं आलात. ही भूमी आत्ता दक्षिण ध्रुवाकडे सरकलेल्या एका प्रचंड खंडाचा तुकडा आहे. पायाखाली दलदल, घोटाभर काळं पाणी. भोवती जिभेच्या आकाराची पानं असलेली झाडं, त्यांना शास्त्रज्ञ ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. पक्षी नाहीत, फुलं नाहीत, गवतसुद्धा नाही. एक झाड मोडून पाण्यात पडतं, मग दुसरं. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ते नीट कुजत नाही. पानांनी उन्हातून जे कमावलं ते तसंच चिखलात गाडलं जातं, वर आणखी चिखल, आणखी झाडं. या दलदलीत तुम्ही वर्षभर थांबलात तर तळाशी जेमतेम मिलिमीटरभर थर साचलेला दिसेल. हातातली ढेप आणि समोरचं झाड एकच आहे. फरक फक्त मधल्या काळाचा.

पुढं सरकताना 6.6 कोटी वर्षांपाशी क्षणभरच डोळे उघडा, जास्त थांबता यायचं नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहतोय, थरावर थर. त्याआधी आजच्या मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीकडे डायनोसॉर हिंडून गेलेत, त्यांची हाडं पुढं तिथल्या खडकात सापडणार आहेत. हा लाव्हा थंड होईल, झिजेल आणि त्यातून आपल्या कपाशीची काळी माती होईल. वऱ्हाडच्या नशिबात काळी माती आली. काळा दगड पूर्वेकडे, वर्धा नदीच्या खोऱ्यात राहिला.

आता धूर येतो, गोवऱ्यांचा. पहाट आहे, अकोला आहे, साल 1870.

तुम्ही एका मातीच्या घराच्या ओट्याशी उभे आहात. आतून जात्याची घरघर येते. समोरच्या घरातून एक बाई हातात गोवरीचा तुकडा घेऊन निघते आणि शेजारच्या दारात जाते.

"चूल पेटली का वं? माहा इस्तो इझला."

"पेटली ना माय. घे, कायले इचारतं."

गोवरीच्या टोकावर निखारा ठेवून, पदराआड धरून, ती परत फिरते. इस्तो म्हणजे विस्तव. आगपेटी अजून घरोघरी पोचलेली नाही, त्यामुळे आग ही गावभर फिरणारी वस्तू आहे. एका चुलीतून दुसरीत जाते, आणि देणाऱ्याची काही कमी होत नाही. अशा गावात विस्तव नाकारणं म्हणजे काय, ते शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेतल्या जानकीराम सोनाराला विचारावं. अक्षय्य तृतीयेला त्यानं चिलमीसाठी विस्तव दिला नाही, ही गोष्ट वऱ्हाड आजही सांगतं.

चुलीत काय जळतंय ते वाकून बघा. पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की उरलेली झाडं उपटून, भारे बांधून, घराच्या मागं रचलेली. सोबत तुराट्या आणि गोवऱ्या. दिव्यात जवसाचं नाहीतर करडीचं तेल, तेही बैलाच्या घाण्यावर काढलेलं. विहिरीवर मोट, वावरात वखर, रस्त्यावर बंडी, सगळीकडे बैल, आणि बैलाच्या पोटात कडबा. या गावात जी काही शक्ती चालतेय, ती सगळी याच वर्षीच्या नाहीतर गेल्या वर्षीच्या उन्हाची आणि पावसाची. पुढं तिला नूतनीकरणक्षम म्हणतील. इथं तिला काहीच नाव नाही, कारण दुसरी कुठली शक्ती असू शकते हे कुणाला ठाऊकच नाही.

पण ठाऊक व्हायला लागलंय. स्टेशनाकडे चला. रूळ येऊन काही वर्षंच झालीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला. युद्ध 1865 ला संपलं तरी रूळ थांबले नाहीत. याच वर्षी खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हातून सुरू झाला. फलाटावर कापसाच्या बोंदऱ्यांचे ढीग, बाहेर बंड्यांच्या रांगा, सगळं पांढरं. आणि इंजिनाच्या मागच्या डब्यात काळं काहीतरी भरलेलं.

एक म्हातारा गाडीवान इंजिनाकडे टक लावून उभा आहे. तुम्ही त्याच्या शेजारी जाता. तो तुमच्याकडे न बघताच बोलतो, "पाहून रायलो बाप्पा. चारा खात नाही, बसत नाही, हाकलाव लागत नाही. नुसता दगड खाते."

तो दगड आत्ता बहुतेक विलायतेहून जहाजानं मुंबईला उतरलेला आहे. थोड्याच वर्षांत वरोऱ्याला सरकारी खाण सुरू होईल आणि वऱ्हाडच्या गाड्यांना जवळचा कोळसा मिळू लागेल. ती खाण 1906 ला बंद पडेल. एका माणसाच्या आयुष्यात सुरू झाली आणि संपलीही. कोळशाबद्दलची एवढी उघड गोष्ट आपल्या इतक्या जवळ घडली, पण ती कुणाच्या बोलण्यात येत नाही, याचं मला वाईट वाटतं. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण तिथल्या रिकाम्या झालेल्या खाणीचीही आठवण ठेवायला हवी होती.

त्या गाडीवानाचा निरोप घ्या. त्याच्या नातवाला भेटायचं आहे, तीस वर्षं पुढं, 1900 च्या उन्हाळ्यात. मन घट्ट करा.

गेल्या वर्षी पाऊस आला नाही. छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात तो हाच. तुम्ही एका वावरात उभे आहात आणि पहिल्यांदा जाणवतं ते आवाज नसणं. मोटेची कुरकुर नाही, घाण्याची नाही, बंडीच्या चाकाची नाही. विहीर कोरडी म्हणून मोट बंद, हे समजतं. बंडी का बंद? गोठ्यात जा. दावणीला दोरच उरलेत. कडबा संपला, मग छपराचं गवत काढून घातलं, मग झाडांचा पाला. मग जनावरं कातड्याच्या भावात गेली, नाहीतर गोठ्यातच पडली.

घरचा माणूस दाराशी बसलाय. "पाणी पडलं तरी वखर कोण ओढीन?" एवढंच म्हणतो.

या दाराशी जरा जास्त वेळ थांबा, माझा आग्रह आहे. सूर्य, वारा, पाऊस यांचं नाव घेतलं की आपण लगेच हळवे होतो. जुनं गाव म्हणजे निसर्गाशी एकजीव, धूर नाही, राख नाही, असं चित्र रंगवतो. त्या गावाची सगळी शक्ती एका पावसावर टांगलेली होती. पाऊस हुकला की धान्य गेलंच, आणि धान्य पिकवणारं इंजिनही मेलं, कारण ते इंजिन गवत खात होतं. पुढच्या वर्षी मेघ आले तरी नांगराला जोडायला काही नव्हतं. नूतनीकरणक्षम म्हणजे न संपणारं, असं आपण सहज म्हणतो. दरवर्षी नव्यानं यावं लागतं आणि एखाद्या वर्षी येत नाही, हाही त्याच शब्दाचा अर्थ आहे. 1900 च्या वऱ्हाडाला तो अर्थ कळला होता.

आणि दूरवर शिट्टी ऐकू येते. कोळशावरची गाडी. ती धान्य घेऊन आलीय. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची मजुरी त्या धान्यातच जाणार आहे. हीच गाडी इथला कापूस नेत होती, भाव मुंबई-लिव्हरपूलवर ठरवत होती, ज्वारीच्या वावरात कपाशी शिरायला कारण झाली होती. दोन्ही खरं आहे. त्या दाराशी बसलेल्या माणसाला मात्र आज ती गाडी आली हेच पुरे आहे.

इथून पुढं थोडा वेळ गाडीतच बसा, कारण वऱ्हाडात गाडीत बसून काळ पाहता येतो. मूर्तिजापूरला उतरा आणि अडीच फुटी रुळावरची छोटी गाडी पकडा, अचलपूरकडे. शकुंतला. किलिक-निक्सन कंपनीनं कापसासाठी टाकलेला रस्ता. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून या रुळांवर धावतंय. सुमारे 76 किलोमीटरचं अंतर, चार तास. वाटेत माणसं पळत येऊन चढतात. खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात जाते. शेजारची बाई पदराचं टोक फुंकरून गरम करते आणि तुमच्या डोळ्यावर धरते. ओळख ना पाळख. तुम्ही डोळा उघडता तेव्हा 15 एप्रिल 1994 उजाडलेला असतो आणि पुढं डिझेलचं इंजिन लागलेलं असतं. वाफेच्या त्या इंजिनाची सत्तर वर्षं संपली. आणखी वीसेक वर्षांनी डिझेलचीही संपतील आणि रुळांवर बाभळी उगवतील. शेजारच्या मोठ्या मार्गावर तोवर विजेची इंजिनं धावत असतील. आणि त्यांच्या तारेतल्या विजेमागे शेवटी पुन्हा कोळसाच असेल.

त्या तारेत वीज कुठून आली ते पाहायला थोडं मागं या. साठच्या दशकाची सुरुवात. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालंय आणि पारसला चिमणी उभी राहिलीय. पहिला संच 30 मेगावॉटचा. आज हा आकडा लहान वाटतो. त्या रात्री तो लहान नव्हता.

तुम्ही अकोल्याजवळच्या एका गावात चावडीसमोर उभे आहात. खांबावर बल्ब टांगलाय. माणसं जमलीत, म्हातारी घोंगडीवर बसलीत, पोरं खांबाला चिकटलीत. घरोघरी घासलेटच्या चिमण्या आहेत, भिंतींवर काजळी आहे. घासलेट हा शब्द गॅसलाईटचा बदलून झाला म्हणतात, पण चिमणीच्या उजेडात पुस्तक वाचणाऱ्या पोराच्या नाकपुड्या सकाळी काळ्या होतात, त्यात गॅसही नसतो आणि लाईटही नसते. बल्ब लागतो. कुणी टाळ्या वाजवत नाही. एक आजी दोन्ही हात जोडते, दिव्याला जोडतात तसे. "शुभंकरोती म्हणा रे पोट्टेहो," ती म्हणते, आणि पोरं खरंच म्हणतात.

पारसच्या कोळशाला मी कधी शिवी देऊ शकत नाही, ते या आजीमुळे. जातं सुटलं, गावात चक्की आली. पहाटे तीनला उठून दळायचं बाईचं आयुष्यभराचं काम काही मिनिटांवर आलं. 1969 ला अकोल्यात कृषी विद्यापीठ निघालं, डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव त्याला मिळालं. नवीन बियाणं आलं, विहिरींवर मोटरी बसल्या, मोट अडगळीत गेली. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराज खेडं उभं करायचं बोलत होते. त्या उभ्या राहणाऱ्या खेड्याच्या तारेत, मघाशी ज्या दलदलीत तुम्ही थिजत होता, तिथलं ऊन वाहत होतं. गाडलेलं ऊन एकदा जाळलं की परत गाडता येत नाही, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या मनात येणार? पोराच्या नाकातली काजळी गेली, हेच दिसत होतं.

आता पुढची रात्र. ही आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेली आहे.

2008, डिसेंबर. रात्रीचे पावणेबारा. तुम्ही बाळापूर तालुक्यातल्या एका हरभऱ्याच्या वावरात आहात. विहिरीचं पाणी गोडं आहे. पूर्णा नदीकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो, तिथं एवढंही नशीब नाही. थंडी कडाक्याची. डोक्याला मफलर, पायात चिखलानं जड झालेल्या चपला, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. तुमच्यासोबत पन्नाशीचा एक माणूस आहे. त्याला काका म्हणा.

"साडेअकराले लाईन आली," काका सांगतात. "सकायी जाते. हप्त्यातले तीन दिवस दिवसाची, चार दिवस रातची. आज रातची."

मोटर सुरू आहे पण आवाज दबलेला. व्होल्टेज कमी. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच वेळी सुरू झाल्यात. गेल्या आठवड्यात डीपी जळाली, वर्गणी करून ट्रॅक्टरमध्ये टाकून नेली, आठ दिवसांनी दुसरी बसली. त्या आठ दिवसांत हरभरा फुलावर होता. पाणी दांडातून पुढं सरकतं, सरीत शिरतं, आणि मध्येच कुठं उंदराच्या बिळात फुटतं. अंधारात ते दिसत नाही. पाण्याचा आवाज बदलला की काका थांबतात, कान देतात आणि बरोबर तिकडे जातात. बॅटरी पायापुढं फिरवत चालतात. बांधावर मण्यारीची भीती. रानडुकरांचं वेगळंच.

तुम्ही विचारता, दिवसा का देत नाहीत?

काका फावडं टेकवतात आणि क्षितिजाकडे बोट करतात. तिकडे उंचावर लाल दिवा उघडमीट करतोय. पारसची चिमणी. याच वर्षी तिथं 250 मेगावॉटचा नवा संच सुरू झालाय, दुसरा 2010 ला होईल.

"थो पाहा. राख आमच्या वावरावर पडते, पाणी आमच्या मन नदीचं जाते, आन् ईज रातच्याले येते. दिवसा कारखान्याले पायजे, बाजाराले पायजे. रातची कोणाले नाही पायजे, थे आमाले."

कोळशाच्या केंद्राचा स्वभाव काका एका वाक्यात सांगून गेले. बॉयलर रोज संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही, तो रात्रंदिवस जळत ठेवावा लागतो. रात्री शहर झोपतं, मागणी उतरते, मग ती उरलेली वीज कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागते. ती शेतकऱ्याच्या घातली गेली. पिकाला पाणी दिवसा दिलं काय नि रात्री दिलं काय, सारखंच, असं ज्यांनी कागदावर ठरवलं असेल त्यांनी पाय चिखलात घालून एक रात्र काढली असती तर ते तसं ठरवू शकले नसते, असं मला मनापासून वाटतं. साप चावून गेलेल्या माणसाची नोंद वीजनिर्मितीच्या कुठल्या खर्चात धरायची?

पहाट होईपर्यंत तुम्ही काकांसोबत राहा. साडेपाचच्या सुमाराला ते बांधावर पऱ्हाट्यांचा जाळ करतात आणि हात शेकतात. 1870 च्या त्या चुलीत जे जळत होतं तेच.

तिथून अमरावतीकडे या. नागपूरच्या रस्त्याला नांदगाव पेठ. काळ 2010 च्या पुढचा. इथल्या कोळशाच्या वीजकेंद्रात 270 मेगावॉटचे पाच संच, एकूण 1,350 मेगावॉट. पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचं, मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं. हे धरण सिंचनासाठी बांधलेलं. त्याचं पाणी वीजकेंद्राला द्यायचं ठरलं तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसता हिशेब करा. एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर पाणी, ही 2015 च्या केंद्रीय नियमानं घातलेली मर्यादा आहे. पूर्ण क्षमतेनं चाललं तर 1,350 मेगावॉटला दिवसाला 11 कोटी लिटरांहून जास्त. पारसच्या 500 मेगावॉटला जवळपास सव्वाचार कोटी लिटर, साडेआठ हजार टनांच्या आसपास कोळसा, म्हणजे तुम्ही फाटकात पाहिली तशा दोन गाड्या, रोज. आणि आपल्या देशी कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, म्हणजे रोज अडीच-तीन हजार टन राख. बॉयलरमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यातली जवळजवळ दोन तृतीयांश वाफेतून, धुराड्यातून निघूनच जाते. कोळसा विदर्भाचा, पाणी विदर्भाचं, राख विदर्भाची. वीज राज्याची.

इथं कुणी म्हणेल, मग सगळं सौर करून टाका. त्यालाही आकडा विचारा. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं. पारस पूर्ण जोरानं चालला तर दिवसाला सव्वा कोटीच्या जवळपास युनिटं काढतो. तेवढी उन्हातून काढायची तर 3,000 मेगावॉटची पॅनेलं हवीत, आणि मेगावॉटला चार एकर धरले तरी बारा हजार एकर. एवढं करूनही संध्याकाळी सात वाजता हातात काही नाही. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला घाटघरसारखे प्रकल्प लागतात, जिथं पाणी वर चढवून ठेवतात आणि हवं तेव्हा खाली सोडतात. तो 250 मेगावॉटचा आहे आणि सह्याद्रीत आहे.

आणखी एक गोष्ट, जी अकोल्याच्या माणसाला ऐकून नवल वाटतं. आपलं रणरणतं ऊन पॅनेलला मानवत नाही. त्याला उजेड हवा, ताप नको. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज कमी होते. मेच्या दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग पासष्टला गेला तर सोळा टक्के तिथेच गेले. निरभ्र थंडीचा काळ त्याला मानवतो. म्हणजे हरभरा, गहू आणि संत्र्याच्या पाण्याचा. आणि आभाळ भरलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा पाणी वरूनच येतं. माझा सगळा भरवसा या एका जुळणीवर आहे. सूर्यानं पारस बंद करावा असं मी म्हणत नाही. बॉयलरसाठी सोयीची जी वेळ शेतकऱ्याच्या माथी मारली गेली, तिच्यातून त्याला सोडवणं सूर्याला आजही जमण्यासारखं आहे.

2017 ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 ला तिची दुसरी आवृत्ती. गावाच्या फिडरजवळ पॅनेलं लावायची आणि शेतीला दिवसा लाईन द्यायची. त्याच्या पुढच्या वर्षी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना. चला, तुम्हाला परत आजच्यात आणतो, पण फाटकात नाही. अशाच एका गावाच्या ई-क्लास जमिनीवर.

पॅनेलांच्या रांगा दक्षिणेकडे तोंड करून उभ्या आहेत, भोवती तारेचं कुंपण. कुंपणाबाहेर एक गायकी काठीवर हनुवटी टेकून उभा आहे, मागं पंधरा-वीस गाई.

"आंदी इथं चराले आणत होतो," तो म्हणतो. रागानं नाही. "आता लांब न्या लागते."

ई-क्लास म्हणजे वऱ्हाडात गावाची गुरं चरायची सरकारी जमीन. कागदावर ती पडीक दिसते. पॅनेलखाली गवत उगवतंच. थोड्या उंचीवर लावली, फाटक ठेवलं, तर शेळ्या-मेंढ्या तरी आत चरू शकतात. तसं करायला पैसे थोडे जास्त पडतील. ते खर्चायला हवेत. कोळशाच्या वेळी राख कुणाच्या वावरावर पडते हे विचारलं नाही, ती चूक उन्हाच्या वेळी परत होऊ नये.

गायक्याला रामराम करा आणि बांधानं चालत पुढच्या वावरात या. हे वावर ओळखीचं वाटतं. विहीर तीच. बांधावरची बाभूळ वाढलीय. काका आता सत्तरीकडे झुकलेत, खाटेवर बसलेत. काम पोराच्या हाती आहे. विहिरीपाशी लोखंडी चौकटीवर पॅनेलं आहेत. सकाळचे साडेआठ, डिसेंबरचं कोवळं ऊन.

"रात्री झोप लागते का?" तुम्ही काकांना विचारता.

"पयले पयले नाही लागली," ते म्हणतात. "साडेअकराले जाग यायचीच. उठून बसायचो. मंग ध्यानात यायचं, जायाचं नाही कुठं."

दुपट्ट्यात गुंडाळलेली ढेप तुम्ही त्यांच्या हातावर ठेवता. ते ती उलटसुलट करून पाहतात, वजन घेतात आणि खाटेच्या पायाशी ठेवतात. रात्री त्यांच्या खोलीतला दिवा अजून हिच्यावरच लागतो. दूर रुळांवरून भरलेली गाडी पारसकडे चाललीय, तिचा आवाज इथवर येतो.

पाइपाच्या तोंडाशी पोरगा उभा आहे. आधी नुसती हवा, मग थेंब, मग बोटाएवढी धार. ऊन वर चढतं तशी धार जाड होत जाते, मनगटाएवढी होते. दांड भरतो, पाणी पहिल्या सरीत शिरतं. मग कुठून तरी एक ढग येतो आणि सावली वावरावरून सरकत पॅनेलांवर येते. धार बारीक होते. पोरगा फावड्याच्या दांड्यावर हात टेकतो आणि वर पाहतो. खाटेवरून काकाही वर पाहतात.

"जाईन," ते म्हणतात. "वारा तिकडचा हाये."

धार पुन्हा भरू लागते.